सत्र-साहाय्यक सॉफ्टवेअरमध्ये उपचारपद्धती कशी निवडावी : कोकणातील समुपदेशकांसाठी

समुपदेशनाच्या सत्राला साहाय्य करणारे सॉफ्टवेअर साधारणपणे चार कामे करते. ते बोलणे ऐकून त्याचे लेखी रूप तयार करते, सत्र चालू असताना पुढचा प्रश्न सुचवते, सत्र संपल्यावर टिपणाचा मसुदा देते आणि पुढच्या भेटीपर्यंतचा गृहपाठ सुचवते. ही चारही कामे कशी होणार हे एका निवडीवर अवलंबून असते. नव्या क्लायंटची नोंद करताना पडद्यावर एक यादी उघडते. तीत सीबीटी (विचार आणि वर्तन तपासून बदलण्याची पद्धती), आरईबीटी (विवेकनिष्ठ पद्धती), स्वीकारावर भर देणारी अ‍ॅक्ट, डीबीटी (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी), मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (बदलण्याची इच्छा संवादातून जागवणारी), सोल्यूशन-फोकस्ड (उपायांवर लक्ष देणारी), व्यक्तिकेंद्री, ग्रो कोचिंग अशी नावे असतात आणि त्यांपैकी एक आपण निवडायचे असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ज्या तरुण समुपदेशकांशी माझे या विषयावर बोलणे होते, त्यांतले बरेच जण यादीत सर्वांत वर असलेले नाव घेऊन पुढे जातात, कारण या निवडीमुळे नेमके काय बदलते हे सॉफ्टवेअर कुठेच नीट सांगत नाही.

काय बदलते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, कुडाळच्या बाजूची एक चाळिशीची बाई पावसाळ्याच्या सुरुवातीला तुमच्याकडे आली आहे आणि बोलता बोलता ती म्हणते, ‘‘दिवसभर घरात बसान डोक्यात कायबाय येता. देवाक कौल लावलंय, देवान उजवो दिल्यान नाय. आता काय केला तरी उपेग नाय.’’ सीबीटी निवडलेली असेल तर सॉफ्टवेअर ‘काय केला तरी उपेग नाय’ हे वाक्य आपोआप येणारा नकारात्मक विचार म्हणून उचलते आणि त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे विचारायला सुचवते. वर्तन-सक्रियीकरण (थांबलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू करून मन सावरण्याची पद्धती) निवडलेले असेल तर त्याच तीन वाक्यांतून ‘दिवसभर घरात बसान’ एवढेच पुढे येते, आणि ती पूर्वी काय काय करीत असे, आता काय थांबले आहे, हा प्रश्न सुचवला जातो. सोल्यूशन-फोकस्ड पद्धतीत गेल्या काही दिवसांत थोडे बरे वाटले अशी एखादी वेळ होती का, हे विचारले जाते. व्यक्तिकेंद्री पद्धतीत कोणताच प्रश्न न येता तिची हताशा तिच्याच शब्दांत परत मांडणारे एखादे वाक्य येते.

मग कौलाचे काय होते? बहुतेक पद्धतींत तो टिपणातून गळून जातो, आणि सीबीटीत तर ‘भाकीत करणे’ ही विचारातली चूक म्हणून त्याची नोंद होण्याचा धोका असतो. वास्तविक ग्रामदेवतेला कौल लावणे, म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचा होकार किंवा नकार मागणे, हा तिच्या गावाचा रीतसर आचार आहे. तो तिने कशासाठी लावला, एकटीने लावला की घरच्यांनी, उजवा, म्हणजे अनुकूल, कौल न मिळाल्यावर घरात काय बोलणे झाले, या प्रश्नांत तिच्या दुःखाची निम्मी हकीकत असू शकते. जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, केवढा ठेवला यावर कोणते मासे हाती लागणार आणि कोणते निसटणार हे जसे ठरते, तसेच इथेही होते. म्हणून एखादी पद्धती काय पकडते, याच्या आधी ती काय सोडून देते हे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

निवडीपूर्वी कागदावर ठरवायच्या गोष्टी

ही निवड पडद्यासमोर बसून करू नये. पहिली भेट शक्यतो सॉफ्टवेअरशिवाय घ्यावी, नंतर वहीत चार-सहा ओळींत व्यक्तीची अडचण, ती कशामुळे टिकून आहे आणि तिला स्वतःला काय बदलायला हवे आहे हे लिहावे, आणि मगच यादी उघडावी.

सर्वांत आधी हे काम उपचाराचे आहे की कोचिंगचे, हे ठरवावे लागते. तारकर्लीला घरगुती निवासाची सोय चालवणारी एखादी उद्योजिका दोन खोल्या वाढवाव्यात की नाही या विचारात असेल आणि तिची झोप, भूक, उत्साह व्यवस्थित असेल, तर ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची ग्रो पद्धती तिला पुरेशी आहे. जॉन व्हिटमोर यांच्या लेखनातून ही पद्धती १९९२ पासून सर्वत्र परिचित झाली. परंतु तीच स्त्री कित्येक आठवडे नीट झोपली नसेल, पाहुण्यांशी बोलणेही तिला नकोसे झाले असेल, तर कोचिंगची पद्धती निवडणे धोक्याचे ठरते, कारण मग सॉफ्टवेअर ‘झोप लागत नाही’ हे वाक्य ध्येयाच्या वाटेतला अडथळा म्हणून नोंदवते आणि लक्षण म्हणून त्याकडे पाहत नाही. अशा वेळी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घ्यावी. तीत नऊ प्रश्न असतात, गुण शून्य ते २७ पर्यंत जातात, आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर नैराश्यासाठी सविस्तर तपासणी व्हायला हवी, असे सामान्यतः मानले जाते. ही चाळणी आहे, निदान नव्हे. मात्र एवढे गुण असताना कोचिंगचे सत्र पुढे चालवू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावे.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या प्रशिक्षणाची. पडदा बंद पडला, वीज गेली, घाटात नेटवर्क तुटले, तरी जी पद्धती आपण पुढे चालवू शकतो तीच निवडावी. मराठी समुपदेशकांच्या बाबतीत हा मुद्दा आरईबीटीशी विशेष निगडित आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेने आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती गावोगाव पोहोचवली, आणि त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचे पहिले शिक्षण याच पद्धतीत झालेले असते. काही सॉफ्टवेअरमध्ये आरईबीटी वेगळी दिलेली नसते आणि तिच्याऐवजी सीबीटी चालेल असे समजून आपण पुढे जातो. दोन्ही पद्धती एकाच कुळातल्या असल्या तरी प्रश्नाचा रोख निराळा असतो. सीबीटीचे जनक ॲरन बेक यांच्या पद्धतीत ‘लोक मला नावे ठेवतील’ या विचाराला पुरावा काय, हे तपासले जाते. एलिस यांच्या पद्धतीत लोकांनी नावे ठेवली असे घटकाभर गृहीत धरून ‘त्यांनी तसे करताच कामा नये’ या मागणीला हात घातला जातो. तुम्ही मागणीकडे वळत असताना सॉफ्टवेअर पुराव्याचा प्रश्न पुढे करीत राहिले, तर सत्राचा धागा तुटतो. आरईबीटी यादीत नसेल तर स्वतःची पद्धती लिहिण्याची सोय आहे का ते पाहावे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

डीबीटीबद्दल थोडे कठोर व्हावे लागेल. मार्शा लिनहान यांनी विकसित केलेल्या या उपचारात वैयक्तिक सत्रे, कौशल्यांचा गट, दोन भेटींच्या मधल्या काळात फोनवरचे मार्गदर्शन आणि उपचारकांची आपसातली सल्लामसलत असे चार भाग एकत्र चालतात. सावंतवाडीत किंवा दापोलीत एकट्याने काम करणाऱ्या समुपदेशकाने यादीतून डीबीटी निवडली, तर टिपणावर तसे नाव छापून येईल, पण उपचार तो नसेल. श्वासाची किंवा भावना सोसण्याची एखादी कौशल्ये शिकवायची असतील तर जरूर शिकवावीत आणि टिपणात तेवढेच लिहावे.

तिसरी गोष्ट भेटींच्या संख्येची, आणि आपल्या किनाऱ्यावर ती ऋतूवर ठरते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात हर्णै, मिरकरवाडा किंवा देवगडचा खलाशी दर आठवड्याला येऊ शकेल, बोटी सुटल्या की येणार नाही. आंबा बागायतदाराला मार्च ते मे या काळात डोके वर काढायला सवड नसते. गणपतीला गावी आलेला चाकरमानी एकदा किंवा फार तर दोनदा भेटतो. जिला दहा-बारा भेटी लागतात अशी पद्धती या माणसांसाठी निवडणे म्हणजे उपचार अर्ध्यावर सुटणार हे आधीच मान्य करणे होय.

या बाबतीत आपल्याच किनाऱ्यावरचा गोव्याचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. तेथील संगाथ या संस्थेने विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन उपचार तपासले आणि त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. नैराश्यासाठी वर्तन-सक्रियीकरणावर आधारलेला सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम होता, आणि घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगवर आधारलेला जास्तीत जास्त चार भेटींचा. दोन्ही उपचार मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख असलेल्या स्थानिक समुपदेशकांनी दिले, आणि केवळ नेहमीच्या उपचारापेक्षा तीन महिन्यांनंतर दोन्हींचे फळ चांगले दिसले. म्हणूनच उदास होऊन घरात बसलेल्या माणसासाठी वर्तन-सक्रियीकरण आणि दारूसाठी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही माझी पहिली निवड असते. या पद्धतींत उद्या सकाळी काय करायचे हे समोरच्याला स्पष्ट कळते, आणि सॉफ्टवेअरने केलेले टिपण बरोबर आहे की नाही हेही आपल्याला चटकन तपासता येते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. भीती, धडधड, पॅनिक यांसाठी सीबीटी. जी परिस्थिती बदलता येणार नाही अशा दीर्घ आजारपणात किंवा कायमच्या दुखण्यात अ‍ॅक्ट. ताज्या शोकात व्यक्तिकेंद्री. एकदाच भेटणाऱ्या चाकरमान्यासाठी सोल्यूशन-फोकस्ड. वेगवेगळ्या मान्यताप्राप्त पद्धतींच्या परिणामांत फारसा फरक आढळत नाही आणि उपचारातल्या नात्याचा वाटा मोठा असतो, असे अनेक दशकांचे संशोधन सुचवते. त्यामुळे या यादीतल्या एखाद्या जोडीबद्दल तुमचे मत वेगळे असेल तर त्यात वावगे काही नाही.

आघाताच्या बाबतीत मात्र सावध राहावे. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये आणि त्याच दिवशी दरड कोसळलेल्या महाड तालुक्यातल्या तळिये परिसरात, जोराचा पाऊस लागला की आजही दचकणारी माणसे भेटू शकतात. यादीत आघातावरची पद्धती दिसली म्हणून ती निवडली, तर सॉफ्टवेअर त्या दिवसाचे तपशील विचारायला सुचवू लागते. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सगळे वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, हे आता मान्य झाले असून तसे करू नये असाच सल्ला दिला जातो. आघातकेंद्री सीबीटीचे किंवा ईएमडीआरचे (डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणाऱ्या आघातावरच्या उपचाराचे) प्रशिक्षण आणि देखरेख नसेल, तर ही निवड करू नये. मानसिक प्रथमोपचाराच्या मर्यादेत राहून योग्य ठिकाणी पाठवावे.

खऱ्या क्लायंटपूर्वी एक चाचणी

निवड नक्की करण्यापूर्वी सहकाऱ्याला क्लायंटच्या भूमिकेत बसवून पंधरा-वीस मिनिटांचे बनावट सत्र ध्वनिमुद्रित करावे. ते प्रमाण मराठीत न करता तुमच्याकडे येणारी माणसे जशी बोलतात तशा मालवणीत, संगमेश्वरीत किंवा आगरीत करावे. मग तेच मुद्रण दोन वेगवेगळ्या पद्धतींखाली चालवून दोन टिपणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

वाचताना प्रथम नकार तपासावेत. मालवणीतला ‘नाय’ वाक्याच्या शेवटी हळू आवाजात येतो आणि यंत्राकडून तो सुटू शकतो. ‘माका जगूचा नाय’ या वाक्यातला शेवटचा शब्द गळला तर उरलेल्या वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो. त्यानंतर न बोललेले काही टिपणात आले आहे का ते पाहावे. पद्धतीच्या साच्यात ‘गृहपाठाचा आढावा’ असा रकाना असेल, तर झालाच नाही असा आढावाही काही वेळा मसुद्यात लिहिलेला सापडतो. शेवटी गावातल्या अनुभवांना कोणते नाव मिळाले आहे ते पाहावे. शिमग्यात किंवा जत्रेत अंगात आल्याचे सांगणे टिपणात ‘भास’ म्हणून उतरले असेल, तर पुढे ते टिपण वाचणारा डॉक्टर त्या व्यक्तीकडे वेगळ्याच नजरेने पाहील. या तिन्ही चुका ज्या पद्धतीखाली कमी होतात ती आपल्या कामाला अधिक जवळची आहे, असे समजायला हरकत नाही.

याच चाचणीत आत्महत्येचा उल्लेख असलेले एक वाक्य मुद्दाम घालावे आणि सॉफ्टवेअर धोक्याची सूचना कोणत्याही पद्धतीखाली देते की काही पद्धतींखाली गप्प राहते, हे पाहावे. गप्प राहत असेल तर ते सॉफ्टवेअर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सूचना येत असली तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही. असा प्रसंग आला की पडदा बाजूला करून थेट विचारावे, काही ठरवले आहे का आणि साधन हाताशी आहे का हे जाणून घ्यावे. बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधे कुठे ठेवली आहेत हा प्रश्न आपल्या भागात कधीच टाळू नये. ती कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात जातील अशी व्यवस्था घरच्यांशी बोलून त्याच दिवशी करावी. टेलि-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे.

क्लायंटला काय सांगावे

पद्धतीची निवड ही क्लायंटच्या माहितीने व्हायला हवी. ‘‘आपलं बोलणं हे यंत्र ऐकेल आणि मला टिपण लिहायला मदत करेल. तुम्ही दिवसभरात काय करता आणि त्याने मन कसं होतं, यावर आपण पहिले काही आठवडे काम करणार आहोत. यंत्र नको वाटलं तर कधीही सांगा, मी वहीत लिहीन आणि उपचारात काही फरक पडणार नाही,’’ एवढे साध्या शब्दांत सांगून संमती घ्यावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचाही हक्क आहे. मुद्रण कुठे साठवले जाते, ते कधी पुसले जाते, आणि त्यावर कंपनी आपले यंत्र शिकवते का, याची लेखी उत्तरे कंपनीकडून मागून घ्यावीत.

आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. सॉफ्टवेअर नाव आणि फोन नंबर काढून टाकते, पण वाडीचे नाव, बोटीचे नाव, घरातल्या मानाच्या पालखीचा उल्लेख तसाच राहतो, आणि छोट्या गावात एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. हे तपशील टिपण जतन करण्यापूर्वी हाताने काढावेत.

सत्रात आणि सत्रानंतर

सत्र चालू असताना येणाऱ्या सूचना सुरुवातीचे काही महिने पूर्ण बंद ठेवाव्यात आणि निवडलेली पद्धती फक्त नंतरच्या टिपणासाठी वापरावी. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या सहकार्याचे ध्येयाबद्दलची सहमती, कामाबद्दलची सहमती आणि परस्परांतला बंध असे तीन घटक सांगितले. नजर पडद्यावर गेली की तिसरा घटक त्याच क्षणी कमी होतो, आणि मानसिक त्रासासाठी बाहेरच्या माणसाशी प्रथमच बोलणाऱ्या व्यक्तीला ते लगेच जाणवते.

‘एकात्मिक’ किंवा ‘मिश्र’ असा पर्याय नवख्या समुपदेशकाने घेऊ नये. त्याखाली सॉफ्टवेअर प्रत्येक वाक्याला वेगळ्या पद्धतीचा प्रश्न जोडते आणि चार भेटींनंतर आपण नेमके काय केले हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी एक पद्धती निवडून तिला स्वतःच्या सूचना जोडाव्यात. बहुतेक ठिकाणी यासाठी मोकळी जागा असते. तिथे मराठीत असे लिहिता येईल: ‘वर्तन-सक्रियीकरण वापरावे. कौल, गाऱ्हाणे, नवस, अंगात येणे यांना लक्षण किंवा विचारातली चूक म्हणू नये. क्लायंटच्या शब्दांत जसेच्या तसे नोंदवावे. क्लायंटने न सांगितलेले काही लिहू नये. माहिती नसेल तो रकाना रिकामा ठेवावा. नकारार्थी वाक्ये मूळ बोलीत अवतरणात द्यावीत.’ या सूचना जोडून बनावट सत्राचे मुद्रण पुन्हा एकदा चालवावे आणि टिपणात फरक पडतो का ते पाहावे.

तीन-चार भेटींनंतर प्रश्नावलीचे गुण, क्लायंटचे स्वतःचे म्हणणे आणि गृहपाठ प्रत्यक्षात झाला की नाही, हे तिन्ही समोर ठेवून निवडीचा आढावा घ्यावा. पद्धती बदलायची ठरली तर कारण आणि तारीख टिपणात लिहावी, क्लायंटला सांगावे, आणि देखरेख करणाऱ्या वरिष्ठांशी बोलून घ्यावे. काही सॉफ्टवेअरमध्ये जुनी सत्रे नव्या पद्धतीखाली पुन्हा लिहून घेण्याचे बटण असते. ते वापरू नये, कारण त्या दिवशी तुम्ही ज्या दृष्टीने ऐकले आणि विचारले त्याची मूळ नोंद त्यामुळे पुसली जाते, आणि पुढे क्लायंटने, डॉक्टरने किंवा न्यायालयाने टिपण मागितले तर जे सत्र तसे झालेच नव्हते त्याचा कागद तुमच्या सहीने पुढे जातो.